रिटर्न वेगळं, वॉरंटी वेगळी: ऑनलाइन घेतलेली जुनी गाडी परत द्यायची का हे ठरवताना

ऑनलाइन सेकंड हँड गाडी घेतली की तिच्यासोबत दोन आश्वासनं येतात, एक म्हणजे इतक्या दिवसांत आवडली नाही तर परत करा आणि दुसरं म्हणजे इतक्या महिन्यांची वॉरंटी, आणि आपण जवळपास सगळेच या दोन्हींना एकच समजून चालतो. काही निघालंच तर बघून घेऊ, रिटर्न पण आहे, वॉरंटी पण आहे, असं म्हणून निवांत बसतो.

माझ्या मावसभावाचं अगदी हेच झालं. गाडी घरी आली, दुसऱ्याच दिवशी त्याला जाणवलं की पहिल्या गिअरला उचलताना गाडी थरथरते आणि चढाला रेस वाढते पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. त्याने लगेच फोन केला, समोरून उत्तर आलं की काळजी करू नका, वॉरंटी आहे, करून देऊ. अपॉइंटमेंट चार दिवसांनंतरची मिळाली, गाडी दोन दिवस वर्कशॉपला राहिली आणि मग निरोप आला की क्लच प्लेट संपलीय, क्लच हा झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत बसत नाही. तोपर्यंत रिटर्नचे सात दिवस होऊन गेले होते आणि फोनवर काय बोलणं झालं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्याने वेळेत तक्रार केली होती, फक्त ती चुकीच्या खात्यात गेली. तेव्हापासून मी ओळखीत कोणी अशी गाडी घेतली की आधी हाच फरक सांगत बसतो.

तर फरक असा. रिटर्न म्हणजे सौदाच मोडणं, गाडी त्यांच्याकडे आणि पैसे तुमच्याकडे. बऱ्याच ठिकाणी कारण सुद्धा द्यावं लागत नाही, सीट उंचीला जमली नाही एवढं पण पुरतं. वॉरंटीत सौदा कायम राहतो, गाडी तुमचीच राहते, फक्त कागदावर लिहिलेल्या पार्टपैकी एखादा बिघडला तर ते दुरुस्त करून देणार. म्हणजे एक पूर्ण गाडीबद्दल आहे आणि दुसरी एकेका पार्टबद्दल. वॉरंटी कितीही मोठी असली तरी ती तुम्हाला नको असलेल्या गाडीतून बाहेर काढत नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो फरक वेळेचा आहे आणि तो कोणी नीट सांगत नाही. वॉरंटीचे नियम वाचलेत तर बहुतेक वेळा त्यात असतं की गाडी ताब्यात घेताना आधीपासून असलेला दोष कव्हर होणार नाही, काही वॉरंट्या तर पहिले काही दिवस लागूच होत नाहीत. आता विचार करा, गाडी घेतल्यावर तिसऱ्या दिवशी तुम्हाला जे सापडतं ते तीन दिवसांत तयार झालेलं असतं का? जवळपास नाहीच, ते आधीपासून होतं. म्हणजे पहिल्या आठवड्यात सापडलेली गोष्ट हीच वॉरंटीत बसायला सगळ्यात अवघड, आणि रिटर्न ठेवलेलंच त्यासाठी असतं. वॉरंटी पुढे जे होईल त्यासाठी आणि रिटर्न आधी जे झालंय त्यासाठी. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो.

आणि हो, कायद्याने मिळणारा हक्क ही अजून तिसरी गोष्ट. उदाहरणार्थ युरोपियन युनियनमध्ये व्यावसायिक विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेल्या वस्तूसाठी ग्राहकाला डिलिव्हरीपासून १४ दिवस विनाकारण माघार घेता येते, आणि ब्रिटनमध्ये २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारता येते. बघा, एक विनाकारण आहे आणि दुसऱ्याला दोष दाखवावा लागतो. तुम्ही जिथे आहात तिथलं वाचा, पण कंपनीची पॉलिसी आणि कायदा एकच आहे असं धरू नका.

आता ठरवायचं कसं. मी सापडलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो, की हा पार्ट बदलल्यावर ही भानगड मिटेल का? बॅटरी, टायर, वायपर, ब्रेक पॅड, बल्ब हे बदललं की मिटतं, यासाठी चांगली गाडी परत करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हे बहुधा वॉरंटीतही येणार नाही, त्यामुळे खर्च मोजायचा आणि विक्रेत्याकडे तेवढं मागून बघायचं. फक्त चारही टायर जुने निघाले तर तो खर्च लहान नसतो हे लक्षात ठेवा. टायरच्या साइडवर एक कोड असतो, त्याच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं, २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यातला टायर, आणि नक्षी भरपूर दिसत असली तरी रबर कडक होऊन भेगा पडलेल्या असू शकतात.

काही गोष्टी मात्र कुठलाही पार्ट बदलून मिटत नाहीत, त्यांच्यासाठी रिटर्न हेच उत्तर. चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) किंवा पुढच्या एप्रनला (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा) लागलेला मार, पुरात बुडालेली गाडी, मागे फिरवलेलं मीटर आणि जुळत नसलेले कागद. या चारपैकी एक जरी नक्की झालं तरी मी क्षणभर थांबणार नाही, गाडी कितीही छान चालत असली तरी, कारण उद्या विकायला काढाल तेव्हा पुढचा माणूस हेच शोधणार आहे.

मार बघायचा तर बोनेट उघडून फेंडरचे आणि बिजागरीचे बोल्ट बघा, रंग उडालेला असेल किंवा पान्याचे ओरखडे असतील तर ते उघडलेले आहेत. रंगाची जाडी मोजायचं छोटं मशीन येतं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन असतो, एकाच पॅनलला ३०० च्या वर लागलं तर तिथे पुन्हा रंग मारलाय आणि १००० च्या पुढे गेलं तर खाली पुट्टी आहे. अर्थात एक दरवाजा रंगवलेला असणं हा गुन्हा नाही, पार्किंगमध्ये कोणीही घासून जातं, बंपरचं तर सोडूनच द्या. भीती आहे ती रंगाच्या आतल्या वाकलेल्या पत्र्याची, आणि त्यासाठी गाडी लिफ्टवर चढवून खालून बघावीच लागते. पूर ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, खालच्या टोकाला मातीची रेघ राहते, डिकीतली स्टेपनी उचलून खाली गाळ आहे का बघा, सीटखालच्या बोल्टला गंज आहे का बघा. गाडीत सुगंधी फवारा जास्तच मारलाय असं वाटलं तर काचा बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी वास घ्या. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, १७ अक्षर-आकड्यांचा असतो, काचेखाली, दाराच्या चौकटीत आणि कागदांवर तो तंतोतंत एकच पाहिजे.

मधला गट इंजिन आणि गिअरबॉक्सचा, आणि लोक फसतात ते इथेच. कारण हे पार्ट वॉरंटीच्या यादीत असतात म्हणून वाटतं की राहू दे, पुढे बघू. माझं म्हणणं उलट आहे, आजच लक्षण दिसतंय तर तो आधीचा दोष, म्हणून आजच रिटर्नच्या बाजूने मोजा. लक्षण बघायला इंजिन पूर्ण थंड असताना स्वतः चालू करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थंडीत पहिले काही मिनिटं वाफेचा असतो, त्याला घाबरू नका, पण इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनमधल्या सीलचा संशय. ऑटोमॅटिक असेल तर हळू ट्रॅफिकमध्ये अर्धा तास चालवा, झटका किंवा थरथर तिथे कळते, मोकळ्या रस्त्यावर नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून एरर नाही आला म्हणजे गाडी ठीक असं नसतं. हे कोड गाडी विकायच्या आधी पुसता येतात, पण पुसले की गाडीचे स्वतःच्या तपासणीचे मॉनिटर पण शून्यावर येतात आणि स्कॅनरमध्ये नॉट रेडी, म्हणजे तपासणी अजून पूर्ण नाही, असे दिसतात. बॅटरी काढली तरी असंच होतं, त्यामुळे लगेच आरोप करू नका. पहिल्या दिवशी स्कॅन करा, तीन-चार दिवस शहरात, हायवेला चालवा आणि परत स्कॅन करा, पुसलेलं काही असेल तर बऱ्याचदा तोपर्यंत वर येतं. म्हणूनच बाहेरच्या मेकॅनिकची तपासणी पहिल्या दोन दिवसांत उरका, शनिवारी बघू म्हणून ठेवू नका. पण त्याला फक्त बघायला सांगा, काही खोलू किंवा बदलू नका, कारण बाहेर दुरुस्ती केली, नवीन सीट कव्हर किंवा म्युझिक सिस्टीम बसवली तर बऱ्याच पॉलिसीत रिटर्न रद्द होतो. किलोमीटरची मर्यादा पण असते, दिवस शिल्लक असून किलोमीटर संपले तरी खेळ खलास, तेव्हा त्या आठवड्यात लांबची ट्रिप काढू नका. गाडी नावावर व्हायच्या आधी परत करणं खूप सोपं असतं हे पण धरून ठेवा.

आणि विक्रेता म्हणाला की रिटर्न कशाला, आम्ही दुरुस्त करून देतो, तर लगेच नाही म्हणायची गरज नाही, खरंच चांगली दुरुस्ती होऊ शकते. पण हो म्हणायच्या आधी ईमेलवर दोन वाक्यं लिहून घ्या, कुठला पार्ट फुकट करणार आणि गाडी दुरुस्तीसाठी त्यांच्याकडे असेपर्यंत रिटर्नचे दिवस थांबलेले आहेत. हे लिहून देत नसतील तर मी त्याच दिवशी लेखी रिटर्न टाकला असता, मावसभावालाही आता तसंच वाटतं.

गाडी न्यायला येतील तेव्हा मीटर, इंधनाचा काटा आणि चारही बाजूंचे फोटो काढा, दोन्ही चाव्या दिल्याची पोच घ्या, स्क्रीनमधून तुमचा फोन आणि घरचा पत्ता काढून टाका, कर्ज काढलं असेल तर ते बंद झाल्याचं पत्र आणि इन्शुरन्स रद्द झाल्याचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.