राणी दुर्गावती

राणी दुर्गावती (१५२४–१५६४) : आजच्या मध्य प्रदेशातल्या गढा-मंडल्याच्या गोंड राज्याची राज्यकर्ती. जन्म कालिंजरच्या चंदेल घराण्यातला. १५४२ मध्ये गोंड राजा संग्रामशाहाचा मुलगा दलपतशाह याच्याशी तिचा विवाह झाला. १५५० च्या सुमारास दलपतशाह वारला, तेव्हा मुलगा वीरनारायण जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याच्या नावाने राणीने कारभार हाती घेतला आणि अधार कायस्थ व मान ठाकूर या मंत्र्यांच्या साथीने तो चौदा-एक वर्षे चालवला. राजधानी तिने सिंगोरगडावरून सातपुड्यातल्या चौरागडावर नेली. विदर्भातले भाविक महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चढतात तो पचमढीचा चौरागड वेगळा. राणीचा किल्ला आजच्या नरसिंहपूर जिल्ह्यात आहे.

तिच्या मरणाची कथा सर्वांना ठाऊक असते, कारभाराची फार थोड्यांना, आणि थोरवी तर कारभारातच अधिक दिसते. अकबराचा इतिहासकार अबुल फजल शत्रुपक्षाचा. तोही लिहितो, की तिच्या राज्यात २३,००० गावे होती व त्यांतली १२,००० थेट तिच्या अमलाखाली होती. या मुलखातली रयत सारा मोहरांत आणि हत्तींत भरते, अशीही नोंद मुघल दप्तरात आहे. जबलपूरच्या तलावांपैकी राणीताल तिच्या नावाचा, अधारताल मंत्र्याच्या नावाचा. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरच्या धानपट्ट्यात तलावाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांना तलाव बांधण्याच्या या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजवटीतही तलाव बांधणाऱ्याला जमीन देण्याची रीत होती.

माळव्याच्या बाजबहादुराने स्वारी केली, ती तिने परतवली. १५६४ मध्ये प्रयागजवळच्या कडा प्रांताचा मुघल सुभेदार आसफखान १०,००० घोडेस्वारांसह आला. राणीचे सैन्य पांगलेले, हाताशी सुरुवातीला अवघे पाचशे लोक. अधारने धोक्याची जाणीव दिली. पण मानाने मरावे, अपमानाने जगू नये, हा तिचा निश्चय होता. गौर आणि नर्मदा या नद्यांमधल्या नरईच्या अवघड जागी तिने ठाण मांडले. घाटाच्या तोंडावर फौजदार अर्जुनदास पडला, तेव्हा ती स्वतः चालून गेली आणि मुघलांना मागे रेटले. त्याच रात्री छापा घालायचा, उजाडण्याआधी काम उरकायचे, नाहीतर आसफखान तोफा घेऊन घाट अडवेल, असे तिने सरदारांना बजावले. सरदारांनी ऐकले नाही. सकाळी तोफा घाटाच्या तोंडाशी आल्या होत्या. लढाईचा निकाल त्या रात्रीच्या बैठकीत लागला, असे म्हणणे भाग आहे, आणि युद्धाची जाण त्या बैठकीत एकट्या राणीलाच होती.

दुसऱ्या दिवशी ती सरमान हत्तीवर होती. जखमी वीरनारायणाला तिने रणातून बाहेर पाठवले. कानशिलात आणि मानेत बाण लागले. पकडले जाण्याआधी मला मार, असे तिने अधारला सांगितले. त्याचा हात उठेना, तेव्हा तिने स्वतःच खंजीर खुपसून घेतला. तो दिवस २४ जूनचा मानला जातो. पुढे चौरागडही पडला, वीरनारायण मारला गेला, गडावर जोहार झाला आणि सुमारे हजार हत्ती आसफखानाच्या हाती लागले.

जबलपूरनजीकच्या बरेला गावाजवळ असलेल्या तिच्या समाधीवर वाटसरू गारगोटीचे चकाकते दगड वाहत. शेजारचे दोन मोठे गोल दगड म्हणजे राणीचे नगारे, अशी लोकसमजूत आहे.

विदर्भातल्या गोंड वस्त्यांतही तिचा बलिदान दिन पाळला जातो. २४ जून म्हणजे कपाशीची टोबणी आणि धानाच्या पऱ्ह्यांची घाई. तरी सप्तरंगी झेंडा लागतो, ‘सेवा जोहार’ हे गोंडी अभिवादन होते आणि तिची तसबीर १८५७ च्या उठावातले गोंड वीर बाबुराव शेडमाके यांच्या तसबिरीशेजारी मांडली जाते. राज्य म्हणून चांदा गढा-मंडल्याहून स्वतंत्र होते. तिथली राणी हिराई दुर्गावतीनंतर सुमारे दीड शतकाने झाली. पती बीरशाह मारला गेल्यावर दत्तक रामशाहाच्या लहानपणी तिने राज्य सांभाळले. चंद्रपुरात अचलेश्वर मंदिराजवळची बीरशाहाची समाधी तिनेच बांधवली.