साडेपाच हजार सह्यांचा रजेचा अर्ज

‘कृपया रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.’ हे वाक्य लिहिताना आजही अनेकांचा हात अडखळतो. साहेब काय म्हणतील, कामचुकार तर समजणार नाहीत ना? मुंबईच्या गिरणगावात १८८४ साली असाच एक अर्ज लिहिला गेला. त्याखाली सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

त्या वेळी गिरण्या उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालत. सणासुदीच्या मोजक्या सुट्ट्या सोडल्या तर हक्काचा असा वार नव्हता. यंत्रं थांबली तरी ती पुसायला कामगारालाच बोलावलं जाई. १८८१ चा कारखाने कायदा होता, पण त्यातल्या महिन्याच्या चार सुट्ट्या फक्त ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी. मोठ्यांचा त्यात विचारच नव्हता.

अर्जामागे होते नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक. मागण्या साध्या होत्या: दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, कामावर इजा झाली तर भरपाई. विरोध फक्त मालकांचाच होता असं नाही. कामगारांसाठीचे असे कायदे म्हणजे आपल्या गिरण्या बुडवायचा इंग्लंडमधल्या मँचेस्टरवाल्यांचा डाव, असं तेव्हाची बरीच देशी वर्तमानपत्रंही म्हणत होती. त्यात तथ्य होतंच, तिथल्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती. पण कामगाराची पाठ त्यामुळे कमी दुखत नव्हती.

सहा वर्षं गेली. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत कामगारांची मोठी सभा भरली, सुमारे दहा हजारांची. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १८९० साली, हजारोंच्या गर्दीपुढे! १० जूनला गिरणी मालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. रविवारच का? साहेबाचा तो प्रार्थनेचा वार, हे उघड आहे. तो आपल्या खंडोबाचाही वार, असा युक्तिवाद झाल्याचंही सांगितलं जातं.

एक गोष्ट मात्र सहसा विसरली जाते. तो रविवार बिनपगारी होता. सुट्टी घ्या, पण त्या दिवसाची कमाई सोडा. कारखान्यांत पगारी रजेचा कायदा व्हायला १९४५ साल उजाडलं, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. १९४८ च्या कायद्याने हिशेब घालून दिला: कामाच्या दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा.

दुकानं आणि खासगी कचेऱ्यांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. ठरावीक संख्येइतकी किंवा अधिक माणसं असतील तिथे वर्षाला आठ किरकोळ रजा मिळतात. त्या साठत नाहीत. डिसेंबर संपला की न मागितलेल्या रजा बुडतात.