सादरीकरण (माध्यम अभ्यासक्रमातलं, गोवा)

सादरीकरण, बोलण्यात प्रेझेंटेशन किंवा सरळ पीपीटी. कॉलेजात मास कम्युनिकेशन, पत्रकारिता असं काही शिकणाऱ्या विद्यार्थ्याने, नाहीतर चार-पाच जणांच्या ग्रुपने, एखादा विषय घेऊन त्याचा अभ्यास करायचा, तो पडद्याच्या मदतीने वर्गासमोर ठरलेल्या वेळात मांडायचा आणि मग प्रश्नांना उत्तरं द्यायची, अशी ही पद्धत. गोव्यात याचे मार्क बहुतेक वेळा आयएसएत, म्हणजे सेमिस्टर चालू असताना होणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनात धरतात. तोंडी परीक्षेपेक्षा हे वेगळं, कारण तोंडी परीक्षेत सुरुवात विचारणारा करतो आणि इथे आधी विद्यार्थी आपलं म्हणणं मांडतो, मग त्याला प्रश्न येतात. हा क्रम लक्षात ठेवायला हवा, उगमाचा सगळा वाद त्याच्यावरच येऊन थांबतो.

शब्द

पीपीटी हे खरं तर फाईलच्या नावामागचं शेपूट. पॉवरपॉइंट हा प्रोग्राम रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांनी फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीत तयार केला, आधी त्याचं नाव प्रेझेंटर होतं, १९८७ साली तो मॅकिंटॉशवर आला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कंपनीच विकत घेतली. आता पोरं कॅनव्हावर बनवतात, गूगल स्लाईड्सवर बनवतात, शेवटी पीडीएफ करून आणतात, पण म्हणताना "उद्या आमची पीपीटी आहे" असंच म्हणतात. स्लाईड हा शब्द त्याहून जुना, प्रोजेक्टरमध्ये एकेक सरकवायच्या फोटोच्या काचा आणि फिल्मच्या चौकटी यांच्यापासून आलेला. मराठीतलं सादर म्हणजे मुळात स-आदर, आदरासह पुढे ठेवलेलं. भजन सादर करतात, नाटक सादर करतात, म्हणून सादरीकरण हा शब्द कलेच्या बाजूने कॉलेजात आला असं मानायला जागा आहे, आणि गोव्यासारख्या नाटकवेड्या मुलखात तो कानाला लगेच बसतो.

उगम

यावर एकमत नाही. एक मत असं की हे जर्मन विद्यापीठांतल्या सेमिनारचं रूप आहे. अठराव्या शतकात ग्योटिंगेनला भाषाभ्यासाचं सेमिनार सुरू झालं, पुढे एकोणिसाव्या शतकात बर्लिनमध्ये रांके या इतिहासकाराने विद्यार्थ्यांना मूळ कागदपत्रं घेऊन बसवलं, त्यांनी आपले निबंध एकमेकांसमोर वाचायचे आणि तपासून घ्यायचे, ही रीत तिथून अमेरिकेत आणि मग सगळीकडे गेली. दुसरं मत म्हणजे ही सरळ कंपन्यांच्या मीटिंगची नक्कल आहे, ग्राहकाला माल पटवून द्यायची पद्धत वर्गात शिरली आणि पॉवरपॉइंटने ती पक्की केली. पडद्यावरच्या मुद्द्यांचे ठिपके, शेवटची थँक्यूची स्लाईड, या सवयी या मताच्या बाजूने बोलतात. जाहिरात आणि पीआरच्या पेपरात तर विद्यार्थ्याला पिचच, म्हणजे ग्राहकाला कल्पना पटवून देणारी मांडणी, करायला लावतात, तिथे हे मत बरंचसं लागू पडतं.

तिसरं मत जाहीर शास्त्रार्थाचं, आणि ते गोव्याशी जोडलेलं असल्यामुळे इथे थोडं सविस्तर लिहायला हवं. अ‍ॅबिसिनियाला (आजचा इथिओपिया) जायला निघालेल्या जेजुइट या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांबरोबर पोर्तुगालहून निघालेला छापखाना १५५६ साली गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. भारतातला हा पहिला छापखाना, तो चालवला जुआंव द बुश्तामांत याने, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. आता या छापखान्यावर पहिल्यांदा काय छापलं? त्याच काळच्या पत्रव्यवहारात त्याचं नाव "कोंक्लुझोंयश आणि इतर गोष्टी" असं येतं. कोंक्लुझोंयश म्हणजे निष्कर्ष किंवा प्रमेयं, कॉलेजातल्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी लोकांसमोर उभं राहून ज्यांचा बचाव करायचा अशी विधानं. म्हणजे भारतात छापखान्यातून निघालेला पहिला कागद हा विद्यार्थ्याने जे मांडायचं त्याची हातात द्यायची प्रत होती! गोव्यात माध्यमं शिकणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे असं वाटतं.

याला पुस्तक म्हणायचं का यावर मात्र मतभेद आहेत. काही याद्यांत कोंक्लुझोंयश हेच भारतातलं पहिलं छापील पुस्तक म्हणून दिलेलं असतं. दुसरी बाजू म्हणते की ती सुटी पानं असावीत, आणि पुस्तकाचा मान १५५७ च्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेला द्यावा. दोन्हींची एकही प्रत आज हाती नाही, गोव्यात छापलेलं आणि शिल्लक राहिलेलं सगळ्यात जुनं पुस्तक १५६१ चं आहे, त्यामुळे निवाडा पत्रांवरूनच करावा लागतो. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावर जे इंग्रजी पुस्तक लिहिलं त्यात या पत्रांचा मागोवा आहे, गोव्याच्या माणसाने गोव्याच्या छापखान्यावर केलेलं हे काम आजही पहिल्यांदा उघडायचं असतं. सुट्या पानांचं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण वादाच्या दिवशी वाटायला विधानांची यादी लागते, जाडजूड ग्रंथ लागत नाही.

सेंट पॉलच्या त्या जाहीर वादापासून आजच्या आयएसएपर्यंत सलग धागा दाखवता येतो असं नाही. १७५९ साली जेजुइटांना पोर्तुगीज मुलखातून हाकललं तिथे ती परंपरा तुटते, आणि १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर इथे जी कॉलेजं आली ती १९८५ साली गोवा विद्यापीठ होईपर्यंत मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती, म्हणजे शिकवायची रीतही तिकडूनच आली. पण वंशावळ सोडून नुसतं काम काय चालतं ते पाहिलं तर आधी मांड, मग त्याचा बचाव कर, ही चौकट शास्त्रार्थाचीच आहे, सेमिनारातही ती तिथूनच आलेली असणार. कुणी कुणी कीर्तनाकडेही बोट दाखवतात, पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान, म्हणजे आधी सिद्धांत आणि मग उदाहरण. उगम म्हणून हे टिकत नाही, कीर्तनकाराला मध्ये उठून कुणी प्रश्न विचारत नाही. पण ज्या मुलांनी लहानपणी देवळात कीर्तनं ऐकलीत त्यांना मुद्द्यावरून गोष्टीवर कधी उतरायचं आणि परत मुद्द्यावर कसं यायचं हे शिकवावं लागत नाही, एवढं नक्की.

तयारी

विषय बहुतेक वेळा दिलेला असतो. गोव्यात वरचेवर येणारे म्हणजे १८२१ च्या गाझेता द गोवापासूनचा वृत्तपत्रांचा इतिहास, २००४ पासून पणजीत भरणारा इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, खाणींच्या आणि म्हादई नदीच्या बातम्या, चवथीला गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या माटोळीवरचा फोटो फीचर, आणि सगळ्यात भरलेला विषय म्हणजे जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं, विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं पडली, फरक ३४,०२१ चा. माध्यमाच्या विद्यार्थ्याला यात खरी मेजवानी ही की दोन्ही बाजूंची मोठी दैनिकं मराठीतच होती, गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने आणि राष्ट्रमत विरोधात, म्हणजे एकच भाषा, एकच वाचक आणि दोन टोकाच्या भूमिका.

असा विषय नेटवर बसून होत नाही. पणजीला पाटोवर कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ पासूनचं, तिथे जाऊन जुने अंक पाहायचे. नेटवर मिळतं ते कापलेलं कात्रण, बातमी पानावर कुठे होती, किती कॉलमी होती, शेजारी काय होतं हे त्यात कळत नाही, आणि माध्यमाचा अभ्यास म्हणजे निम्मा तोच.

दहा मिनिटांसाठी बोलण्याचा मजकूर हजार-अकराशे शब्दांच्या वर नसावा, आणि तो स्लाईडवर नसावा. कामाची वाटणी ग्रुपात कशी होते हे सगळ्यांना माहीत आहे, एक जण वाचतो, एक जण डिझाईन करतो, बाकीचे आदल्या रात्री आपली स्लाईड कुठली ते विचारतात.

देवनागरीची अडचण

मराठीत सादर करणाऱ्याला इंग्रजीवाल्यापेक्षा एक काम जास्त असतं ते अक्षरांचं. जुने मराठी फॉन्ट, श्रीलिपी किंवा कृतिदेव घराण्यातले, देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवायचे. ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट आहे तिथे मराठी दिसतं, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तो नसला की पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा येतो. वृत्तपत्राच्या डीटीपीवाल्याकडून मजकूर आणला की हे हमखास होतं. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच संगणकी पद्धतीत (पहिली आवृत्ती १९९१) देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या त्यामुळे खिचडा होत नाही, पण जोडाक्षरं जुळवायचं काम सॉफ्टवेअरचं असतं आणि व्हिडिओ एडिटिंगचे काही प्रोग्राम ते नीट करत नाहीत, वेलांटी पुढच्या अक्षरावर जाते, पाय मोडायचं चिन्ह (हलन्त) उघडं दिसतं.

मराठीची आणखी एक खास अडचण म्हणजे अर्धा र. किनाऱ्यावर हा शब्द गोव्यातल्या सादरीकरणात दर दुसऱ्या स्लाईडवर येतो. त्यातला र हा सूर्यातल्या रफारासारखा नाही, तो य च्या आधी आडव्या भुवईसारखा दिसायला हवा. नुक्तावाला, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं टाईप केलं तर तो बरोबर येतो, साधा र घेतला तर रफार होतो आणि "किनार्यावर" असं छापलं जातं. ऱ्हास, तऱ्हा, वाऱ्यावर, सगळ्यांचं तेच. साधा र घेऊन त्याच्यापुढे हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायची जुनी पद्धतही आहे, ती कुठे चालते कुठे चालत नाही, म्हणून ऱ ची पद्धत धरलेली बरी. सगळं झालं की फॉन्ट फाईलमध्येच बसवून घ्यायचा आणि एक पीडीएफ वेगळी काढून ठेवायची.

व्हिडिओची क्लिप स्लाईडवर दिसते म्हणजे ती फाईलच्या आत आहे असं नसतं, कधी कधी नुसता पत्ता जोडलेला असतो आणि पेनड्राईव्हवर क्लिप आलेलीच नसते. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल लावली की आवाज लॅपटॉपमधून निघून प्रोजेक्टरकडे जातो आणि स्पीकर गप्प बसतात, सेटिंगमध्ये जाऊन तो परत वळवावा लागतो. सिनेमाचे तुकडे वर्गात दाखवण्याबद्दल पोरं घाबरतात, १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२ व्या कलमात शिकवण्या-शिकण्यासाठी सवलत आहे, प्रेक्षक कॉलेजातलेच असले तर हरकत नसते, तीच पीपीटी नेटवर टाकली की मात्र गोष्ट बदलते.

सादर करताना

भाषा हा नाजूक भाग आहे. पेडणे, सत्तरी, डिचोलीकडची बरीच मुलं मराठी प्राथमिक शाळेतून येतात, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, घरी कोंकणी, आणि कॉलेजात स्लाईड इंग्रजीत. त्यामुळे सुरुवातीची दोन वाक्यं पाठ केलेल्या इंग्रजीत येतात आणि तिसऱ्याला आवाज अडकतो. याला भीती म्हणण्यापेक्षा भाषांतराचा थकवा म्हणणं जास्त बरोबर. ज्या वर्गात स्लाईड इंग्रजीत ठेवून बोलायला मराठी किंवा कोंकणीची मोकळीक देतात तिथे तीच मुलं ताठ उभी राहून बोलतात, हे अनेकदा पाहिलेलं आहे.

पडद्याकडे तोंड करून वाचणं ही सगळीकडची चूक. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकाने २००३ साली तक्रार केली की मुद्द्यांच्या ठिपक्यांत विचाराचे तुकडे होतात, हे म्हणणं थोडं एकांगी असलं तरी वृत्तपत्राचं पान दाखवताना तंतोतंत लागू पडतं. तिथे ठिपके नकोतच, पान दाखवायचं आणि त्यावर बोट ठेवून बोलायचं.

प्रश्नोत्तरं

मार्कांच्या तक्त्यात याला अनेकदा कमीत कमी जागा असते, आणि कस मात्र इथेच लागतो. बहुतेक वर्गात "एनी क्वेश्चन्स?" म्हटलं की शांतता, मग सर एखादा विचारतात. जुन्या शास्त्रार्थात आक्षेप घेणारा आधीच ठरलेला असायचा, तसं दुसऱ्या ग्रुपला आदल्या दिवशी पीपीटी देऊन तीन प्रश्न काढायला लावले तर शांतता राहत नाही.

एका पावसाळी दुपारी जनमत कौलावरची पीपीटी चालू होती, बोलणारी मुलगी सत्तरीची, चौथ्या स्लाईडला लाईट गेली. इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर नव्हता. सर म्हणाले, थांबायचं तर थांबूया. ती म्हणाली, "नको सर, फळा चालेल." तिने खडूने दोन मोठ्या चौकटी काढल्या, एक गोमन्तकचं पान, एक राष्ट्रमतचं, आणि बातमी कुठे, अग्रलेख कुठे, फोटो कुठे असे भाग पाडत गेली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, हे सगळं तुला पाठ कसं? "पाठ नाही, तीन दिवस पाटोला बसून हाताने उतरवून घेतलंय," असं म्हणून तिने वही पुढे केली. वही बाकाबाकांवरून फिरली. त्या दिवशी प्रश्न पंचवीस मिनिटं चालले, बहुतेक त्या चौकटींवरच, आणि लाईट आली तेव्हा प्रोजेक्टर चालू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.