यूबीसॅन: आमच्याकडे बोलका, तुमच्याकडे मुका

आमच्या सॉफ्टवेअरच्या चाचणी-अहवालात ‘यूबीसॅन लावून तपासले’ ही ओळ (यूबीसॅन म्हणजे ज्यांचा परिणाम भाषेच्या मानकात ठरलेला नाही अशा चुका प्रोग्राम चालताना पकडणारा तपासनीस) वाचून बरेच ग्राहक विचारतात, मग तीच प्रत आमच्याकडे का बसवत नाही? जास्त सुरक्षित होईल ना? नाही होणार, उलट धोका वाढेल.

सी भाषेत ३२ बिटांचा चिन्हांकित (धन किंवा ऋण असू शकणारा) पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेला की काय होईल, याची भाषेच्या मानकात हमी नाही. असे कधी घडतच नाही, असे कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारे साधन, धरून चालतो. त्यामुळे ‘शंभर मिळवल्यावर बेरीज आधीपेक्षा कमी झाली का?’ ही प्रोग्रामरने मुद्दाम घातलेली तपासणी तो निरुपयोगी समजून काढूनही टाकतो. चोर येणारच नाही म्हणून दाराची कडीच काढून ठेवावी, तसे.

अशी चूक पकडणारा यूबीसॅन क्लँग या कंपायलरमध्ये आहे, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये २०१४ च्या ४.९ आवृत्तीपासून आहे. चूक घडली की तो फाइल, ओळ आणि कारण छापतो आणि प्रोग्राम पुढे चालू देतो. आम्हाला हेच हवे असते, एका फेरीत दहा चुका सापडतात. तुमच्याकडे मात्र लॉगमध्ये एक ओळ पडेल आणि चुकीचा आकडा तसाच पुढे वापरला जाईल. शिवाय हा मजकूर छापणारी लायब्ररी कुठे लिहायचे ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारा बाहेरून ठरवू शकतो अशा सेटिंगमधून, वाचते. प्रोग्राम जादा अधिकारांनी चालत असेल, तर ही हल्लेखोराच्या हाती दिलेली किल्लीच. मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेससॅनिटायझर या भावंड-साधनातल्या अशाच वाटेने रूटचे (संपूर्ण यंत्रावरचे) अधिकार मिळवता येतात, हे २०१६ मध्ये जाहीरपणे दाखवले गेले.

म्हणून तुमच्या प्रतीत आम्ही ट्रॅप पद्धत वापरतो. मजकूर नाही, लायब्ररी नाही. चूक होताच प्रोग्राम जागीच थांबतो. २०१५ च्या स्टेजफ्राइट प्रकरणानंतर (अँड्रॉइडच्या मीडिया वाचणाऱ्या भागात सापडलेल्या सुरक्षा-त्रुटी) अँड्रॉइड ७.० च्या मीडियासर्व्हरमध्येही, म्हणजे ऑडिओ-व्हिडिओ हाताळणाऱ्या भागातही, अंकांची मर्यादा ओलांडली की थांबायचे, हाच मार्ग घेतला गेला.

पण थांबणे फुकट नसते. पाळी सुरू असताना यंत्राचा कंट्रोलर बंद पडला तर तुमचा खोळंबा होतो. त्यामुळे बाहेरून आलेली फाइल किंवा नेटवर्कवरचा डेटा वाचणाऱ्या भागांनाच आम्ही ट्रॅप लावतो.

ऑर्डर देताना दोन गोष्टी कळवा: प्रोग्राम थांबल्यास तो पुन्हा कोण सुरू करणार आणि किती सेकंद थांबलेला चालेल. क्रॅश डंप (थांबतानाच्या स्थितीची नोंद असलेली फाइल) पुसू नका, आमच्याकडे पाठवा. मुक्या प्रतीत ओळ क्रमांक छापला जात नाही, तो आम्हाला त्या डंपमधूनच शोधावा लागतो.