धान्य व पशुधन बाजारांतील भावांची चढउतार

धान्य आणि पशुधन यांचे भाव एकमेकांशी बांधलेले असले, तरी ते हलण्याची कारणे वेगळी आहेत. धान्य एकदा पिकले की महिनोन्‌महिने साठवता येते. विक्रीयोग्य जनावर मात्र फार काळ थांबवता येत नाही. ते रोज खाते आणि ठरावीक वजनानंतर खाल्लेले अंगी लागेनासे होते. म्हणून धान्याचा भाव साठ्याभोवती फिरतो, पशुधनाचा भाव जनावर तयार व्हायला लागणाऱ्या काळाभोवती.

धान्यात एकूण उत्पादनापेक्षा हंगामाअखेर उरणारी शिल्लक अधिक बोलकी असते. ती वार्षिक खपाच्या किती टक्के आहे, हे व्यापारी आधी पाहतात. कोठारे भरलेली असताना थोडी तूट सहज पचते; शिल्लक आटलेली असली की तेवढ्याच तुटीने भाव कडाडतात, कारण धान्य महागले तरी खाणारी तोंडे कमी होत नाहीत. पीक दहा टक्के घटले तर भाव तीस टक्के चढतो, असा ठोकताळा सतराव्या शतकातील इंग्लंडचे आकडेतज्ज्ञ ग्रेगरी किंग यांच्या नावाने ओळखला जातो. आकडे आज जसेच्या तसे लागू पडत नाहीत, पण तुटीपेक्षा भाववाढ मोठी असते हे खरेच.

हवामानाचा धसका सर्वांत मोठा, तोही मोजक्या दिवसांपुरता. मक्याला तुरा येऊन कणसे स्त्रीकेसर बाहेर टाकतात, त्या पंधरवड्यात पाणी तुटले आणि ऊन तापले तर कणसात दाणेच भरत नाहीत. पुढे कितीही पाऊस पडला तरी उपयोग नसतो. २०१२ च्या अमेरिकी दुष्काळात मक्याचा वायदा, म्हणजे पुढील तारखेला द्यायच्या मालाचा आज ठरणारा भाव, बुशेलमागे (सुमारे २५ किलोमागे) ८ डॉलरच्या वर गेला तो असाच. बाजार मात्र बातमीवर नव्हे, अपेक्षाभंगावर हलतो. अमेरिकी कृषी खात्याच्या मासिक अंदाजात उत्पादन घटलेले दिसूनही भाव उतरतो, कारण व्यापाऱ्यांनी त्याहून मोठी घट आधीच धरलेली असते.

कधी पीक बरे असूनही सरकारेच तेजी आणतात. २००७-०८ मध्ये तांदळाचे मोठे पीक बुडाले नव्हते. भारत व व्हिएतनाम यांनी निर्यातीवर बंधने घातली, आयातदार देश घाबरून साठा करू लागले आणि जागतिक भाव काही महिन्यांत दुपटीच्याही वर गेला. जहाजभाडे, डॉलरचा दर आणि खनिज तेल यांचाही हात असतो. अमेरिकेतील मक्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलकडे जातो, म्हणून तेलाचा भाव मक्यालाही लागतो.

पशुधनात भाव आणि पुरवठा यांची चुकामूक होत राहते. डुकरीण सुमारे ११४ दिवस गाभण असते आणि पिलू विक्रीच्या वजनाला यायला आणखी साधारण सहा महिने लागतात. आजच्या चढ्या भावाने हुरळून सगळ्यांनीच पैदास वाढवली, तर माल एकाच वेळी बाजारात येऊन मंदी होते. मग पैदास घटते आणि पुन्हा तेजी. अर्थतज्ज्ञ आर्थर हानाऊ यांनी १९२८ मध्ये जर्मनीतील या तेजी-मंदीच्या फेऱ्याचा, म्हणजे वराह-चक्राचा, अभ्यास मांडला. गुरांचे चक्र याहून लांब आणि जरा उफराटे आहे: भाव चढला की पशुपालक कालवडी कत्तलीला न पाठवता पैदाशीसाठी राखतात, त्यामुळे पुरवठा आधी आणखी घटतो.

दोन्ही बाजारांना जोडतो तो चारा-खुराक. मका महागला की मांसही लगेच महागेल असे वाटते, पण आधी बहुधा उलटेच घडते. खुराक परवडत नाही म्हणून पैदाशीची जनावरेही विकली जातात, बाजारात आवक वाढते आणि मांस काही काळ स्वस्त होते. महागाई येते ती नंतर, कळप आटल्यावर. रोगाचा परिणाम उलट दिशेनेही पोहोचतो. २०१८ पासून चीनमध्ये आफ्रिकी स्वाइन फीवरने वराहांची संख्या घटली, डुकराचे मांस कमालीचे महागले आणि पेंडीसाठी लागणाऱ्या सोयाबीनची मागणी मंदावली.

तेजीचा दोष सट्टेबाजांवर ढकलण्याची सवय जुनी आहे. वायदे बाजारातील पैशाने हेलकावे मोठे होतात यात शंका नाही; पण मुदत संपत आली की वायद्याचा भाव हजर भावाजवळ, म्हणजे तिथल्या तिथे माल घेण्याच्या भावाजवळ, यावा लागतो, आणि हजर भाव ठरतो तो प्रत्यक्ष मालावर.