कप्पी

कडेला खाच असलेले, आसाभोवती फिरणारे चाक म्हणजे कप्पी किंवा पुली. खाचेतून दोर वा साखळी जाते. कप्पीने ओझे हलके होते असे सरसकट सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. एकच कप्पी आढ्याला टांगली तर जोर काहीच वाचत नाही. १०० किलोचा बोजा चढवायला १०० किलोचीच ओढ लागते, घर्षणामुळे थोडी जास्तच. बदलते फक्त दिशा. पण वाकून घागर शेंदण्यापेक्षा दोर खाली ओढणे सोपे, कारण अंगाचा भार कामी येतो. मोटेचे बैलही उतरत्या धावेवरून चालत. चाकावरचा नाडा ओढताना त्यांचे वजन मदतीला येई.

जोर वाचतो तो चल कप्पीने. ही बोज्यालाच अडकवलेली असते. दोराचे एक टोक वर पक्के बांधून, दोर कप्पीखालून घेऊन दुसरे टोक वर ओढले की बोजा दोन पदरांवर लोंबतो. अर्धा भार आढे पेलते, अर्धा माणूस. मात्र बोजा १ मीटर चढायला दोन्ही पदर एकेक मीटर आखूड व्हावे लागतात, म्हणून दोर २ मीटर ओढावा लागतो. वर दोन आणि खाली दोन चाके घेऊन चार पदर केले, तर ओढ २५ किलो आणि दोर ४ मीटर. हिशेबात बोजा पेलणारे पदरच धरायचे. वरच्या चाकावरून हातात उतरणारा पदर धरायचा नाही. चाके वाढवत गेले की घर्षणही वाढते, त्यामुळे दोराच्या कप्प्यांना लवकरच मर्यादा येते.

आढ्याचा विचार बहुधा राहून जातो. एका स्थिर कप्पीवरून १०० किलो खाली ओढून उचलताना आढ्यावर २०० किलोचा भार पडतो. चार पदरांत १२५.

आर्किमिडीजने कप्प्यांच्या साहाय्याने भरलेले जहाज बसल्या जागी ओढल्याची कथा ग्रीक चरित्रकार प्लूटार्कने दिली आहे. शिडाच्या जहाजांना तर शेकड्यांनी कप्प्या लागत. त्या बनवण्यासाठी मार्क ब्रुनेल आणि हेन्री मॉडस्ले या अभियंत्यांनी इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या गोदीत यंत्रे बसवली. १८०८ साली तिथे सुमारे १,३०,००० कप्प्या तयार झाल्या.

एकोणिसाव्या शतकात वेस्टन नावाच्या संशोधकाने भेददर्शी (डिफरन्शियल) कप्पी आणली. तिच्यात वर एकाच आसावर जखडलेली, किंचित लहान-मोठी दोन चाके असतात, आणि बोजा खालच्या चल कप्पीला लटकतो. मोठ्यावर साखळीच्या १० कड्या आणि लहानावर ९ बसत असतील, तर एका फेऱ्यात हात १० कड्या ओढतो, खालची साखळी एका कडीने आखूड होते आणि बोजा अर्धी कडी चढतो. म्हणजे घर्षण सोडल्यास विसावा हिस्सा जोर पुरतो. गंमत म्हणजे इथे घर्षणच उपकारक ठरते: निम्म्याहून जास्त श्रम त्यात जातात, म्हणूनच साखळी सोडली तरी बोजा घसरत नाही. गॅरेजमध्ये इंजिन उतरवणाऱ्या आजच्या चेन ब्लॉकमध्ये बहुधा दातेरी चाके असतात, आणि बोजा धरून ठेवायला वेगळा ब्रेक.