खारबंदिस्ती

भरतीचे पाणी बांधाने अडवून खाडीकाठची जमीन भातशेतीखाली राखण्याची कोकणातील पद्धत. पेण, अलिबाग परिसरात ती विशेष रुजली. या पट्ट्याला खारेपाट म्हणतात.

बांध खाडीतल्याच चिकण मातीचा. त्यातली उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते व शेतातले पावसाचे पाणी सोडते. भरती चढली की बाहेरच्या दाबाने मिटते. जमिनीतले मीठ पाऊस धुऊन काढतो, म्हणून भाताचे पीक पावसाळ्यातच येते. उन्हाळ्यात जमीन सुकली की खालचे क्षार वर चढून पांढरा थर धरतात. बांधाला खांड (भगदाड) जाऊन खारे पाणी आत पसरले, तर त्या वर्षाचे पीक जातेच, शिवाय पुढेही काही हंगाम जमीन नीट पिकत नाही.

बांध राखणे हे मुख्यतः पाहून शिकायचे काम आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. डागडुजी भांगात उरकावी लागते. बहुतेक खांडींची सुरुवात बारीक गळतीने होते आणि तिचे एक नेहमीचे कारण म्हणजे खेकड्यांची बिळे. बिळाचे नुसते तोंड लिंपले तर पाणी आतून वाट काढतेच. बीळ शेवटपर्यंत खणून त्यात ओली चिकण थराथराने ठासावी लागते. बांधाबाहेरची तिवरे (खारफुटीची झाडे) लाटेचा जोर मोडतात; ती तोडणे म्हणजे बांध उघडा पाडणे.

पूर्वी ही डागडुजी गावकरी मिळून करत. तिला जोळ म्हणत. तरुण मुले तिथेच थोरांच्या हाताखाली शिकत. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी बंदिस्तीची कामे सरकारी चौकटीत आणली. मोठ्या बांधांना पैसा व यंत्रे हवीत, हे खरेच. पण रोजची राखण गावाच्या हातून सुटली आणि तिच्याबरोबर शिकणेही. हे नुकसान मातीच्या नुकसानीइतकेच मोठे आहे. कोणत्या वळणावर बांध खचतो, कोणती उघाडी गाळाने अडते, हे जाणत्यांकडून आजच नोंदवून घेतले पाहिजे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल १, २ व ३ हे क्षारसहनशील भातवाण दिले आहेत. वाण कोणताही असो, पहिल्या पावसांनी वरचे मीठ धुऊन जाऊ द्यावे लागते. त्यानंतर अनेक ठिकाणी मोड आलेले बी चिखलात फेकून पेरतात. या पेरणीला रहू म्हणतात.